'फाइन' : एका साध्या इंग्रजी विशेषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवघड इंग्रजी शब्द दिसला की आपण कोश उघडतो. 'फाइन' दिसला की कोणी उघडत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. मी बरीच वर्षं भाषांतर करते आहे आणि शिकवतेही आहे. या एका शब्दाबद्दल जे प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

'फाइन' म्हणजे छान, ठीक की बारीक?

तिन्ही. शिवाय दंड हा अर्थ आहेच, पण तिथे तो विशेषण नसून नाम किंवा क्रियापद असतो. त्याची गोष्ट पुढे येईल. विशेषण म्हणून मुख्य अर्थ तीन धरावेत. पहिला : उत्कृष्ट, उमदा, वरच्या दर्जाचा. दुसरा : ठीक, बरा, चालण्यासारखा. तिसरा : बारीक, तलम, सूक्ष्म. अडचण अशी की पहिला आणि दुसरा अर्थ एकमेकांपासून फार लांब आहेत. एकात मनापासूनची दाद आहे, दुसऱ्यात जेमतेम संमती. तरी शब्द एकच.

मग वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखायचं कसं?

आधी शब्दाची जागा बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

'फाइन' नामाच्या आधी, नामाला चिकटून आला तर तो दाद देत असतो. 'शी इज अ फाइन टीचर' म्हणजे ती उत्तम शिक्षिका आहे. तोच शब्द वाक्याच्या शेवटी गेला की उतरतो. 'द टीचर इज फाइन' म्हणजे बाईंची तब्येत बरी आहे, किंवा या बाई चालतील, आमची तक्रार नाही. 'अ फाइन आयडिया' ही चांगली कल्पना. 'द आयडिया इज फाइन' म्हणजे कल्पना ठीक आहे, पुढे चला.

मराठीत या दुसऱ्या 'फाइन'च्या सगळ्यात जवळचा शब्द 'बरा'. त्याचे खेळही तसेच आहेत. 'आता बरा आहे' म्हणजे दुखणं गेलं. 'अक्षर बरं आहे' म्हणजे वाईट नाही, पण फार कौतुकही नाही. नुसतं 'बरं' म्हणजे मान्य. आणि पहिल्या 'फाइन'साठी आपल्याकडे 'उमदा' हा फार नेमका शब्द आहे. 'अ फाइन मॅन' म्हणजे उमदा माणूस. 'द मॅन इज फाइन' म्हणजे माणूस बरा आहे, काळजीचं कारण नाही. 'उमदा' आणि 'बरा' हे दोन शब्द हाताशी ठेवले तर निम्म्याहून जास्त वाक्यं सुटतात.

या नियमाला अपवाद आहेत. 'द कार्व्हिंग इज व्हेरी फाइन' यात शब्द शेवटी असूनही दाद पूर्ण आहे, कारण 'व्हेरी'नं त्याला उचलून धरलंय आणि बोलणं कारागिरीचं आहे. 'फायनेस्ट' हे तमभावाचं रूप तर कुठेही आलं तरी वरच्याच अर्थाचं. चर्चिल यांनी 18 जून 1940 च्या भाषणाच्या अखेरीस 'देअर फायनेस्ट अवर' हे शब्द वापरले, तिथे 'बरी वेळ' असा अर्थ कोणाच्या मनातही येणार नाही.

मराठी बोलताना आपण 'एकदम फाइन' म्हणतो. तो कोणता अर्थ?

दादेचा. आणि आपली फसगत नेमकी इथून सुरू होते. मराठीत आलेला 'फाइन' वाक्यात कुठेही बसला तरी कौतुकच करतो. 'काम फाइन झालंय' म्हणजे मस्त झालंय. हाच कान घेऊन आपण 'युवर वर्क इज फाइन' हे वाक्य ऐकतो आणि खूश होतो. सांगणाऱ्याला बहुधा एवढंच म्हणायचं असतं की काम स्वीकारण्याजोगं आहे. त्याला खरंच कौतुक करायचं असतं तर त्यानं 'धिस इज फाइन वर्क' म्हटलं असतं. शब्द तेच, जागा बदललेली.

हे उलटही लागू आहे. एखाद्यानं जीव ओतून काहीतरी केलं आणि तुम्ही त्याला इंग्रजीत 'इट्स फाइन' एवढंच कळवलंत, तर तो दुखावू शकतो. मनापासून आवडलं असेल तर 'लव्हली', 'एक्सलंट' असं सरळ म्हणा आणि काय आवडलं तेही सांगा.

'हाऊ आर यू?' ला 'आय ॲम व्हेरी फाइन' म्हणावं का?

नको. तब्येतीच्या अर्थानं 'फाइन'ला 'व्हेरी' लावत नाहीत, कानाला खटकतं. 'आय ॲम फाइन' किंवा 'व्हेरी वेल' म्हणावं. धूळ, रेषा, कारागिरी यांना मात्र 'व्हेरी फाइन' खुशाल म्हणता येतं.

'वुड यू लाइक अ चेअर?' असं विचारलं आणि समोरचा म्हणाला 'आय ॲम फाइन'. म्हणजे काय?

'नको, राहू दे.' तो तब्येत सांगत नाहीये, सौम्यपणे नकार देतोय. काही देऊ केल्यावर आलेला 'आय ॲम फाइन' हा जवळजवळ नेहमीच नकार असतो. याउलट 'दॅट्स फाइन', 'फाइन विथ मी' किंवा 'फाइन बाय मी' म्हणजे होकार : माझी हरकत नाही, चालेल. नवशिके इथे हमखास अडखळतात, कारण एकाच शब्दानं नकारही होतो आणि होकारही. कर्ता बघावा. 'आय' असेल तर मला काही नको. 'दॅट' किंवा 'इट' असेल तर तुझं म्हणणं मान्य.

एकटाच, तुटक आलेला 'फाइन.' मात्र सूर ऐकून समजून घ्यावा लागतो. हसऱ्या चेहऱ्यानं आला तर 'बरं, ठरलं'. ओठ आवळून आला तर 'बरं बाबा, कर तुला हवं ते'. लेखी निरोपात सूर ऐकू येत नाही, म्हणून तिथे एकटा 'फाइन' टाकू नये असं मला वाटतं. पुढे दोन शब्द जोडले, 'फाइन, थँक यू' किंवा 'फाइन, सी यू ॲट फाइव्ह', की संशय राहत नाही.

कोणी 'आय ॲम फाइन' म्हटलं तर ते खरं मानायचं का?

शिष्टाचाराचं उत्तर म्हणून, हो. पण हे वाक्य दार लोटून घेण्यासाठीही वापरलं जातं, जसं आपण 'चाललंय बरं' म्हणतो. माझी एक मैत्रीण कितीतरी महिने माझ्या प्रत्येक निरोपाला 'आय ॲम फाइन' एवढंच उत्तर पाठवत होती, आणि मी ते शब्दशः घेतलं. ती फाइन नव्हती. आता जवळच्या माणसाकडून हे उत्तर आलं की मी दुसरा प्रश्न विचारते, आणि तो नेमका विचारते : झोप लागते का, सोबत कोण आहे. नेमक्या प्रश्नाला 'फाइन' हे उत्तर बसत नाही, मग माणूस बोलू लागतो.

'फाइन'चा बारीक हा अर्थ भाषांतरात का निसटतो?

कारण 'छान' हा अर्थ वाक्यात बसून जातो आणि शंकाच येत नाही. 'फाइन रेन'चं 'छान पाऊस' केलं तरी वाक्य उभं राहतं. खरं तर ती भुरभुर आहे, अगदी बारीक थेंबांचा पाऊस. 'फाइन डस्ट'ला कोणी 'छान धूळ' म्हणणार नाही, तिथे अर्थच अडवतो. जिथे अर्थ अडवत नाही, तिथे आपणच थांबायला हवं.

माझ्याकडून ही चूक एका कादंबरीच्या भाषांतरात झाली. एका पात्राचे केस 'फाइन' होते. मी 'सुंदर केस' लिहून पुढे गेले. चाळीसेक पानांनंतर तीच बाई आरशासमोर वैतागून उभी राहते, कारण केसांत एकही पिन टिकत नाही, लावली की निसटते. तो प्रसंग वाचताना मी थांबले. केस सुंदर असल्याचं लेखिकेनं कुठेच म्हटलं नव्हतं. तिनं एवढंच सांगितलं होतं की एकेक केस फार बारीक आहे. मी मागे जाऊन 'सुंदर' खोडलं. पण त्या जागी काय घालायचं यावर अर्धा दिवस गेला. 'पातळ केस' लिहावं तर मराठी वाचकाला केस विरळ वाटतात, आणि इंग्रजीत हे दोन वेगळे गुण आहेत : 'फाइन हेअर'मध्ये एकेक केसाची जाडी कमी, 'थिन हेअर'मध्ये एकूण केसच कमी. डोक्यावर भरपूर केस असून ते 'फाइन' असू शकतात. शेवटी 'मऊ, रेशमाच्या धाग्यासारखे बारीक केस' असं लिहिलं. मूळ एका शब्दासाठी चार शब्द गेले, पण पिना का निसटतात ते कळलं.

या अर्थासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

एकच शब्द सगळीकडे नको. इथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा जास्त चोखंदळ आहे आणि त्याचा फायदा घ्यायला हवा. कापड 'तलम' असतं. फडक्यातून गाळलेलं चूर्ण 'वस्त्रगाळ' असतं, आणि त्या एका शब्दात ते कसं केलं हेही कळतं. सूत महीन, वाळू बारीक, फरक सूक्ष्म, कलाकुसर नाजूक. 'फाइन प्रिंट' म्हणजे करारातला बारीक अक्षरांतला मजकूर, जो वाचायचा राहून जातो. 'फाइन मोटर स्किल्स' म्हणजे बोटांच्या बारीक हालचालींवरचा ताबा : गुंडी लावणं, पेन्सिल धरणं, सुईत दोरा ओवणं. तिथे 'उत्तम कौशल्य' असं भाषांतर वाचलं की मला त्रास होतो, कारण आपल्या मुलाच्या हालचालींबद्दल माहिती शोधणाऱ्या पालकांची त्यानं दिशाभूल होते.

'द फायनर पॉइंट्स' यासाठी तर 'बारकावे' हा शब्द तयारच आहे. बारीकपासून बारकावे, इंग्रजीनं जी वाट घेतली तीच मराठीनंही घेतली.

बारीक आणि उत्कृष्ट हे दोन अर्थ एका शब्दात आले कुठून?

मला या शब्दातला सगळ्यात आवडणारा भाग हा. मूळ लॅटिन शब्द 'फिनिस', म्हणजे शेवट, सीमा, हद्द. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'फिन' हे विशेषण झालं आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आलं.

शेवटाचा उत्कृष्टाशी काय संबंध, असं वाटेल. मराठीतच बघा. 'उच्च कोटीचा कलावंत' म्हणताना 'कोटी' म्हणजे काय? संस्कृतात कोटी म्हणजे टोक. 'पराकाष्ठा' म्हणजे शेवटची हद्द. ज्याच्या पुढे जाता येत नाही ते सर्वोत्तम, हा विचार दोन्हीकडे आहे. 'फाइन' म्हणजे शेवटापर्यंत नेलेलं.

सोनं गाळायला घेतलं की हीण जळत, निघत जातं. आता काढण्यासारखं काही उरलं नाही अशी अवस्था येते, ती 'फाइन'. तिथून शुद्ध हा अर्थ आला. पूड कुटत, गाळत शेवटापर्यंत नेली की ती वस्त्रगाळ होते, धागा कातत नेला की महीन होतो, कारागिराचा हात शेवटपर्यंत फिरला की काम नाजूक होतं. म्हणून बारीक आणि उत्कृष्ट हे दोन अर्थ मला परके वाटत नाहीत.

याच मुळाची बाकीची मंडळीही ओळखीची आहेत. 'फिनिश' म्हणजे संपवणं, 'फायनल' म्हणजे अंतिम, 'डिफाइन' म्हणजे अर्थाला सीमा घालणं, 'कन्फाइन' म्हणजे हद्दीत कोंडणं, 'इन्फिनिट' म्हणजे ज्याला अंत नाही ते. 'फायनान्स'सुद्धा त्यांतलाच : जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ देणं फेडून व्यवहार संपवणं असा होता. आपण हिशेब 'मिटवतो', तसंच.

दंड या अर्थाचा 'फाइन' वेगळा शब्द आहे का?

आजच्या वापरात वेगळा, मुळात एकच. पैसे भरून प्रकरणाचा शेवट करायचा, म्हणून त्या रकमेला 'फाइन'.

मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात 'फाइन' हे जमिनीबद्दलच्या अंतिम समझोत्याचंही नाव होतं. 1195 सालापासून असा समझोता एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहू लागले. दोन प्रती दोन पक्षांना मिळत आणि तळाची तिसरी सरकारी खजिन्यात राही. प्रती वेगळ्या करताना सरळ न कापता नागमोडी कापत. पुढे कोणी खोटा कागद आणला तर कडा जुळत नसत. तळाच्या प्रतीला 'फूट' म्हणजे पाय म्हणत, म्हणून या दस्तांना अजूनही 'फीट ऑफ फाइन्स' म्हणतात. ही पद्धत 1833 च्या कायद्यानं बंद झाली.

एक व्यावहारिक सूचना : 'फाइन'चा भूतकाळ 'फाइन्ड' आणि शोधणे या अर्थाचा 'फाइंड' यांचा उच्चार सारखाच. ऐकून लिहिताना इथे चुका होतात.

सोन्याच्या वळ्यावर 'फाइन गोल्ड' आणि 999 असं का लिहिलेलं असतं?

हजार भागांत शुद्ध सोन्याचे किती भाग, ते हा आकडा सांगतो. याला 'फाइननेस' म्हणतात. 24 कॅरेटला सहसा 999 किंवा त्याहून वर. 22 कॅरेट म्हणजे 24 पैकी 22 भाग, म्हणून 916. 18 कॅरेटला 750. स्टर्लिंग चांदी 925. इथे 'फाइन'चा अर्थ 'छान' नाही की 'बारीक' नाही; शुद्ध, एवढाच.

क्रिकेटमधल्या 'फाइन लेग'मध्ये काय फाइन आहे?

कोन. दोन्ही बाजूंच्या यष्टींमधून जाणारी सरळ रेषा मनात काढा आणि ती फलंदाजाच्या मागे लांबवा. मागचा क्षेत्ररक्षक त्या रेषेच्या जितका जवळ, तितका तो 'फाइन'. रेषेशी काटकोनात उभा असेल तर 'स्क्वेअर'. म्हणून समालोचक 'त्याला थोडं फाइन नेलंय' म्हणतो तेव्हा तो खेळाडूचं कौतुक करत नसतो, त्याला रेषेकडे सरकवलंय हे सांगत असतो. चेंडू 'फाइन' गेला म्हणजे बॅटची बारीक कड घेऊन किंवा हलका वळवल्यामुळे मागे, रेषेच्या जवळून गेला.

विज्ञानात 'फाइन'ला ठरावीक माप असतं का?

काही ठिकाणी असतं. भूशास्त्रातल्या वेंटवर्थ मापश्रेणीत, जी 1922 सालची आहे, 'फाइन सँड' म्हणजे 0.125 ते 0.25 मिलिमीटरचे कण. हवेच्या प्रदूषणात 'फाइन पार्टिकल्स' म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात. अशा मजकुरात 'बारीक' किंवा 'सूक्ष्म' यांपैकी एकच शब्द निवडून शेवटपर्यंत तोच वापरावा. सँडपेपरचं लक्षात ठेवा : त्यावरचा आकडा जितका मोठा तितका कागद 'फाइन'.

'फाइन आर्ट्स' म्हणजे बारीक कला की उत्तम कला?

दोन्ही नाही. हे फ्रेंच 'बोझार', म्हणजे सुंदर कला, या कल्पनेचं इंग्रजी रूप आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल बातो यांनी 1746 मध्ये ही कल्पना एका ग्रंथात पद्धतशीर मांडली. रोजच्या उपयोगासाठी नव्हे तर आनंदासाठी असलेल्या त्या कला. मराठीतला 'ललित कला' हा शब्द मला इंग्रजीहून सरस वाटतो, कारण त्यात दर्जाचा तोरा नाही.

'वन फाइन डे'चं भाषांतर काय करावं?

'एके दिवशी.' बस्स. 'एका छान दिवशी' नको. तो दिवस वाईटही असू शकतो. हवामानाच्या अंदाजात मात्र 'फाइन' म्हणजे कोरडी, उघडीप असलेली हवा.

'वर्क्स फाइन' की 'वर्क्स फाइनली'?

'वर्क्स फाइन'. यंत्र नीट चालतंय या अर्थी 'फाइन' हाच शब्द क्रियाविशेषण म्हणूनही चालतो. 'फाइनली' म्हणजे बारीक किंवा नाजूकपणे : 'फाइनली ग्राउंड' म्हणजे बारीक दळलेलं, 'फाइनली बॅलन्स्ड' म्हणजे केसभर फरकानं तोललेलं. आणि मराठी कानाला जवळजवळ तसाच वाटणारा 'फायनली' म्हणजे अखेर. 'इट वर्क्स फाइनली' लिहिलेलं दिसलं की बहुधा लेखकाला 'एकदाचं चाललं' असं म्हणायचं असतं, आणि एका स्पेलिंगनं ते हुकतं.

'अ फाइन फ्रेंड यू आर!' हे कौतुक आहे का?

नाही, टोमणा आहे. 'चांगलाच मित्र आहेस की!' असं आपण म्हणतो, तसं. 'अ फाइन मेस' म्हणजे भलताच गोंधळ. नामाच्या आधीचा 'फाइन' दाद देतो असं वर म्हटलं, त्याचाच हा उलटा वापर आहे : दादेचा शब्द मुद्दाम नको तिथे लावला की तो बोचतो. आजूबाजूची वाक्यं वाचल्याशिवाय असा 'फाइन' कळत नाही.

उच्चार आणि लेखन नेमकं कसं करावं?

वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवून 'फ' सोडायचा. ओठ मिटून काढलेला 'फुला'मधला 'फ' इथे नको. शेवटचा 'ई' मूक असतो, पण त्याच्यामुळेच 'फिन'चा 'फाइन' होतो. पाश्चात्त्य संगीताच्या लिपीत हीच अक्षरं दिसली तर मात्र तो इटालियन शब्द आहे आणि उच्चार 'फीने' : रचना इथे संपते. मराठीत 'फाइन' आणि 'फाईन' दोन्ही लिहिलेलं आढळतं. मी 'फाइन' लिहिते, कारण बोलताना तो 'इ' लांबत नाही.